साइटचा इन्शुरन्स आहे तरी क्लेम अडकतो? या चुका टाळा

मे महिन्यातला वादळी वारा आपल्याकडं कसा असतो ते सांगायला नको, रावेर-यावलकडं अर्ध्या तासात केळीचे बाग आडवे होतात. अशाच एका संध्याकाळी माझ्या साइटवरची नवी कंपाउंड वॉल चाळीसेक फूट झोपली, सिमेंटच्या गोण्या भिजल्या त्या वेगळ्याच. मालक मागे लागलेला, म्हणून मी सकाळी सातलाच जेसीबी लावून सगळं साफ करून टाकलं. दोन दिवसांनी नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, मोकळा प्लॉट बघून म्हणतो, "पडलेलं कुठंय?" माझ्याकडं चार फोटो, त्यातल्या एकात मिस्त्रीच पोज देऊन उभा. सहा लाखांचं नुकसान, हातात आले दीड.

तर पडलेलं लगेच उचलू नका. आधी लांबून, जवळून फोटो-व्हिडिओ काढा, त्याच दिवशी कंपनीला मेल टाका. एजंटला नुसता फोन करून भागत नाही, तो "हो भाऊ, बघतो" म्हणतो आणि कागदावर काहीच राहत नाही. एखादी भिंत कुणाच्या अंगावर येईल अशी असेल तर शूटिंग करून, कंपनीला कळवून मगच पाडा. सळई-सिमेंटची चलनं जपून ठेवा, त्याशिवाय किती माल होता हे कुणीच मानत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रीमियम वाचवायला रक्कम कमी दाखवायची. काम ८० लाखांचं आणि विमा ५० लाखांचा असेल तर ८ लाखांच्या नुकसानीवर कंपनी त्याच हिशोबाने ५ लाखच धरते आणि त्यातून एक्सेस (म्हणजे दर क्लेममध्ये आपण सोसायची ठरलेली रक्कम) कापते तो वेगळा. मालकाने स्वतः आणून दिलेलं स्टील, टाइल्स पण या ८० लाखांत धरायचं असतं, आपले लोक नेमकं तेच विसरतात.

आणि साइटच्या या विम्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क या नावावर जाऊ नका, त्यात 'ऑल' काही नसतं. चुकीच्या डिझाइनचा खर्च साध्या पॉलिसीत नसतो, काम बंद असताना झालेलं नुकसानही नसतं. होळीला, त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला सातपुड्यातले मजूर गावी जातात आणि काम लांबतं, असं असेल तर आधीच कंपनीला लेखी कळवा. काम लांबलं तर पॉलिसीची मुदत संपायच्या आधी एक्स्टेंशन घ्या. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शहरात घुसलं ते आठवतंय ना, काही पॉलिसीत माल नदी-नाल्यापासून उंचावर ठेवायची अटच असते, ती वाचा. सरकारी टेंडरमध्ये बऱ्याचदा राज्य शासनाच्या विमा संचालनालयाचीच पॉलिसी मागतात, बाहेरून काढली तर चालत नाही आणि प्रीमियम बिलातून कापला जातो.

सगळ्यात महागात पडते ती मजुरांची बाब. आपला माणूस स्लॅबवरून पडला तर ऑल रिस्कमधून काही मिळत नाही, थर्ड पार्टीत (म्हणजे बाहेरच्या लोकांसाठीच्या भागात) आपले मजूर बसतच नाहीत, त्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. ३० वर्षांचा माणूस गेला आणि मजुरी महिना १५,००० धरली तरी कायद्याने १५ लाख ५९ हजारांच्या वर रक्कम होते, मजूर मुकादमाचा असला तरी बोजा मुख्य ठेकेदारावर येऊ शकतो. भरपाई उशिरा दिली म्हणून बसलेला दंड तर सहसा विमा कंपनी भरतच नाही. आणि हजेरीवही बघा एकदा! माझ्या मुकादमाच्या वहीत "बारक्या, शिरपूरवाला" असं होतं, त्या साइटवर शिरपूरचे तीन बारके होते. त्यात पॉलिसी दहा जणांची आणि साइटवर सतरा.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तर घेऊ नका, कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, सर्व्हे रिपोर्टची कॉपी पण मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जा. एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, आणि फर्म एकमालकीची किंवा अगदी छोटी असेल, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं, तिथं फी नाही आणि मर्यादा ५० लाखांची. नाहीतर ग्राहक आयोग आहेच, दोन वर्षांच्या आत.

अर्धवट रक्कम घेताना 'फुल अँड फायनल' व्हाउचर पुढं करतात, मीही दीड लाखांसाठी पटकन सही ठोकली होती. रक्कम मान्य नसेल तर सहीच्या आधी तसं लेखी कळवा. आता माझ्या साइटवर हजेरी आधारवरच्या पूर्ण नावानेच लागते, मुकादम रोज कुरकुरतो.