मूल बोललं. आता घरच्यांनी काय करायचं?

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याच्या केसेसमध्ये मी सहाय्यक व्यक्ती म्हणून मुलांसोबत जाते. बालकल्याण समिती नेमते. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत मुलाच्या बाजूला बसायचं, हे काम. पण घरचे कायद्याबद्दल फार कमी विचारतात. रात्री साडेदहाला हळू आवाजात फोन येतो, "ताई, ती जेवत नाहीये. काय करू?"

आधी एक करा, पुन्हा पुन्हा विचारू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा, तारीख घाला, वही मिटा. आत्या आली की परत सांग, मामा आला की परत सांग, असं झालं की पोरं गप्प होतात, नाहीतर समोरच्याला हवं ते बोलू लागतात. जबाब घरीही घेता येतो आणि घेणारी अधिकारी गणवेशात असता कामा नये. तसं ठणकावून मागा, तो मुलाचा हक्क आहे.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" हा प्रश्न गिळून टाका. सुरुवातीला मीच एका नऊ वर्षांच्या मुलाला हे विचारून बसले. तो बुटाची लेस सोडत-बांधत राहिला. पुढचे तीन आठवडे माझ्याशी फक्त क्रिकेट. मग एक दिवस, न विचारताच म्हणाला, "काका आमचं भाडं भरायचे ना." (आणि हो, मुलग्यांनाही हाच कायदा लागू आहे. "पोरगा आहे, विसरेल" म्हणणाऱ्यांना घराबाहेरच ठेवा.)

घटना ताजी असेल तर दवाखान्यात त्याच दिवशी जा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणून तातडीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.

मग घर. अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, आईवरच चिडणं, बोट चोखणं हे सगळं येतं. ज्याने केलं त्याचीच आठवणही मुलाला येऊ शकते; त्यावर ओरडू नका, ते माणूस जवळचं होतं. एक मुलगी दाराची कडी वाजली की ताट सरकवायची. आईने कडीला जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळली आणि दार लावण्याआधी "मी लावतेय हं" म्हणायला लागली. महिनाभराने पोरीनेच चिंधी सोडली. मी सुचवलं नव्हतं, आईला सुचलं. शाळा, जेवण, झोप जमेल तेवढी ठरल्या वेळी ठेवा. पाहुण्यांना मिठी मारायची की नाही, ते मूल ठरवेल, आजी कितीही रुसली तरी.

आईबाबांनो, रडा. पण मुलाला तुमचे डोळे पुसावे लागतील असं नको. १४४१६ या टेलिमानसवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धाकट्या भावंडाकडेही बघा. घरात काहीतरी झालंय हे त्यालाही कळतं. मूल मरणाचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर समुपदेशकाच्या तारखेची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

पैशांची अडचण असेल तर मनोधैर्य या पीडितांना मदत देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. निकाल लागण्याआधीही अंतरिम भरपाई मिळू शकते. मदत कुठून सुरू करायची तेच कळत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

कोर्टाच्या दिवशी डबा आणि मुलाची आवडती एखादी वस्तू बरोबर घ्या, थांबावं लागतं. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये ही जबाबदारी कोर्टाची आहे, सकाळीच वकिलांना आठवण करा. बाहेर आल्यावर "काय काय विचारलं?" नको. एका मुलीच्या वडिलांनी पायऱ्यांवर एवढंच विचारलं, "उसाचा रस पिऊ या?" ती म्हणाली, "बर्फ नको."