शेअर्ड ड्राइव्हवरची मालकी आणि परमिशन : या चुका टाळा

लेखापालाने सकाळी शेअर्ड ड्राइव्हवर शीट सेव्ह केली आणि दुपारी शेजारच्या टेबलावर तीच शीट ‘रीड ओन्ली’ उघडली, की बहुतेक ऑफिसांत उपाय ठरलेला असतो : सगळ्या फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन टाका. त्या दिवसापुरतं काम भागतं. पुढच्या नव्या शीटला तीच तक्रार परत येते. ७७७ ने फक्त जुन्या फायली बदललेल्या असतात. नवी फाईल कोणाच्या नावावर, कोणत्या ग्रुपमध्ये आणि कोणत्या मोडने (कोणाला काय करता येईल ते सांगणाऱ्या आकड्याने) तयार व्हायची हे जिथे ठरतं, तिथे कोणी हातच लावलेला नसतो.

खालचं बहुतेक विवेचन लहान ऑफिसांतल्या नेहमीच्या मांडणीला धरून आहे : उबंटू किंवा डेबियनचा एक सर्व्हर, त्यावर सांबा (विंडोज पीसींना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) आणि एनएफएस (लिनक्स मशिनांना फोल्डर वाटून देण्याची पद्धत), जोडीला विंडोज पीसी आणि एखाद-दोन लिनक्स मशिनं. उदाहरणाचा फोल्डर /एसआरव्ही/हिशोब आणि ग्रुपचं नाव ‘हिशोब’. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा; ‘-आर’ सगळीकडे मोठ्या लिपीतला. निव्वळ विंडोज सर्व्हरबद्दल शेवटी लिहिलं आहे.

नकार कोणी दिला ते न बघता परमिशन बदलणं

आधी एरर नीट वाचा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मोड, ग्रुप किंवा एसीएल (मोडखेरीज नावानिशी दिलेल्या परवानग्यांची यादी) बघायचं. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ बहुधा मालकी बदलताना येतं : ते काम रूटचं (सगळे हक्क असलेल्या खात्याचं) असतं आणि तुम्ही रूट नसता, किंवा एनएफएस तुम्हाला रूट मानत नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं तर परमिशनचा काही संबंध नाही, माउंटच (ड्राइव्हची जोडणीच) तसं झालेलं आहे. तिथे चमॉड (मोड बदलणारी कमांड) चालवत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

फाईलचा मोड बरोबर दिसतो आणि तरी उघडत नाही, असं असेल तर वरचे फोल्डर बघा. रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ (आत शिरण्याची परवानगी) लागतो. ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण पाथ दिला, की प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि मोड एकाखाली एक दिसतात. अडलेली पायरी तिथेच सापडते.

फेडोरा किंवा रेड हॅटवर सगळं बरोबर असूनही नकार आला तर एसई-लिनक्सचं (मोडच्या वरच्या जादा सुरक्षाव्यवस्थेचं) लेबल तपासा (‘एलएस -झेड’, झेड मोठ्या लिपीतला). होम फोल्डरमधून एमव्हीने (हलवण्याच्या कमांडने) आणलेल्या फायली जुनं लेबल घेऊनच येतात. सांबासाठी फोल्डरचं लेबल ‘सांबा_शेअर_टी’ ठरवून द्या आणि ते फायलींवर बसवायला रिस्टोरकॉन चालवा. एसई-लिनक्स कायमचं बंद करून टाकू नका.

नाव बघणं, नंबर न बघणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. लिनक्सच्या डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर लिहिलेला असतो. नाव हे त्या-त्या मशिनने आपल्या यादीतून लावलेलं लेबल असतं. उबंटू आणि डेबियनवर पहिला युजर १००० नंबरचा, रेड हॅटच्या ६ पर्यंतच्या आवृत्त्यांत ५००, मॅकवर ५०१, तर सिनॉलॉजीच्या एनएएसवर नवे युजर १०२६ पासून सुरू होतात. म्हणजे दोन उबंटू मशिनांवर पहिल्यांदा खातं उघडलेली दोन वेगळी माणसं, दोघंही १०००. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर क्लायंटने पाठवलेल्या नंबरवर विश्वास ठेवतो. त्यामुळे एकाच्या फायली दुसऱ्याच्या नावावर दिसतात आणि दुसऱ्याला त्या खोडताही येतात.

म्हणून ‘एलएस -एल’ वर थांबू नका, ‘एलएस -एलएन’ चालवा. मग दोन्ही मशिनांवर ‘आयडी’ चालवून नंबर जुळवा. समजा सर्व्हरवर लेखापालाचा नंबर १००५ आहे आणि तिच्या लिनक्स मशिनवर १००१. मशिनवरचा नंबर बदलून १००५ करा, सर्व्हरवरचा नाही. सर्व्हरवर हजारो फायली त्या नंबरवर उभ्या असतात.

यूजरमॉडने (खात्याची माहिती बदलणाऱ्या कमांडने) नंबर बदलला की ती कमांड होम फोल्डरमधल्या फायलींची मालकी बदलते. होमच्या बाहेरच्या फायली आपल्यालाच चोन (मालकी बदलणारी कमांड) वापरून बदलाव्या लागतात :

फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी १००१ -एक्झेक चोन -एच १००५ {} +

‘-एक्सडेव्ह’ विसरलात तर ही कमांड माउंट केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरही शिरते. ग्रुपचा नंबर ग्रुपमॉडने बदलला तर फायलींवरचा जुना ग्रुप आपोआप बदलत नाही, तोही असाच शोधून बदलावा लागतो.

दोन जणांचे नंबर अदलाबदल करायचे असतील तर थेट १००१ चे १००२ करू नका. तसं केलंत की दोघांच्या फायली एकाच नंबरखाली एकत्र होतात आणि मग कोणाची कुठली ते कोणीच सांगू शकत नाही. पहिल्याच्या फायली आधी ५००१ सारख्या रिकाम्या नंबरवर न्या, मग दुसऱ्याच्या १००१ वर आणा, शेवटी ५००१ च्या १००२ करा.

एनएफएस ४ वर सगळ्याच फायली ‘नोबडी’च्या (कोणाचंच नसलेल्या खात्याच्या) दिसू लागल्या तर आयडीमॅपडीच्या (नावं आणि नंबर जुळवणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिग फाईलमधलं डोमेन दोन्हीकडे एकच आहे का बघा, आणि ‘एनएफएसआयडीमॅप -सी’ने जुना साठा पुसून परत तपासा. क्लायंटवरून सुडो लावूनही (म्हणजे रूटच्या हक्काने) चोन होत नसेल, तर तो बिघाड नाही. एनएफएसमध्ये ‘रूट स्क्वॉश’ मुळातच चालू असतं, क्लायंटचा रूट सर्व्हरवर ‘नोबडी’ होतो. ते बंद करायच्या फंदात पडू नका. चोन सर्व्हरवर जाऊन करा.

फायली आणि फोल्डर यांना एकच मोड देणं

‘चमॉड -आर ७७५’ने प्रत्येक पीडीएफ आणि प्रत्येक शीट एक्झिक्युटेबल होते. ७७७ने त्याशिवाय सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला पगारपत्रकं खोडण्याची मुभा मिळते. फायली आणि फोल्डर वेगळे हाताळा. पण काहीही बदलण्याआधी आजची स्थिती जपून ठेवा :

गेटएफएसीएल -आर /एसआरव्ही/हिशोब > /रूट/हिशोब-जुने.टेक्स्ट

चूक झाली तर ‘सेटएफएसीएल --रिस्टोर’ने मालकी आणि मोड दोन्ही परत बसतात. ही फाईल सगळ्यांत वरच्या ‘/’ डिरेक्टरीत उभं राहून बनवा आणि परतही तिथूनच बसवा, कारण आत लिहिलेल्या पाथमधला सुरुवातीचा ‘/’ ही कमांड काढून टाकते. मग या क्रमाने :

चोन -आर :हिशोब /एसआरव्ही/हिशोब

फाइंड /एसआरव्ही/हिशोब -टाइप डी -एक्झेक चमॉड २७७० {} +

फाइंड /एसआरव्ही/हिशोब -टाइप एफ -एक्झेक चमॉड ०६६० {} +

चोनमध्ये नुसतं ‘:हिशोब’ दिल्याने फक्त ग्रुप बदलतो, मूळ मालक तसाच राहतो. कोणती शीट कोणी तयार केली याचा माग राहणं हिशोबाच्या फोल्डरमध्ये महत्त्वाचं असतं. फोल्डरमध्ये स्क्रिप्ट असतील तर त्यांना एक्झिक्युटचा बिट नंतर वेगळा द्या.

नव्या फायलींची व्यवस्था न लावणं

वरच्या २७७० मधला २ म्हणजे सेट-जीआयडी. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाईल ‘हिशोब’ ग्रुपमध्येच जन्मते आणि नवे उपफोल्डरही हा बिट पुढे नेतात. पण ग्रुप बरोबर आला म्हणजे लिहिण्याची परवानगी आली असं नाही. सांबात ‘क्रिएट मास्क’ (नव्या फाईलला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ती मर्यादा) काहीच दिलेला नसेल तर तो ०७४४ धरला जातो आणि फोल्डरसाठी ०७५५. म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं. ‘रीड ओन्ली’च्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ आमच्या मते इथेच असतं. सांबाच्या कॉन्फिग फाईलमध्ये या शेअरच्या विभागात हे लिहा :

क्रिएट मास्क = ०६६०
फोर्स क्रिएट मोड = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०
फोर्स डिरेक्टरी मोड = २७७०
फोर्स ग्रुप = +हिशोब

ग्रुपच्या नावाआधीचं ‘+’ चिन्ह राहू द्या. त्यामुळे जे आधीच त्या ग्रुपमध्ये आहेत त्यांनाच तो लागू होतो. ते नसेल तर जोडणाऱ्या प्रत्येकाला ग्रुपचे हक्क मिळतात. ‘टेस्टपार्म’ चालवून फाईल तपासा, सांबा रीलोड करा आणि विंडोजवरून ड्राइव्ह तोडून परत जोडा. ‘फोर्स युजर’ हा सोपा मार्ग मोहात पाडतो, पण त्याने सगळ्या फायली एकाच मालकाच्या होतात. स्कॅनरच्या फोल्डरला ते चालेल, हिशोबाच्या नाही.

सांबाचे हे नियम फक्त सांबावरून येणाऱ्या फायलींना लागतात. एनएफएसवरून किंवा सर्व्हरवर थेट तयार होणाऱ्या फायलींना युजरचा यूमास्क (नव्या फाईलमधून कोणते हक्क वगळायचे तो आकडा) लागतो, आणि तो ०२२ असेल तर ग्रुपचा ‘डब्ल्यू’ (लिहिण्याचा हक्क) जातो. त्यासाठी फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल ठेवा : ‘सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:हिशोब:आरडब्ल्यूएक्स’ आणि पुढे पाथ. एसीएल लावल्यावर ‘एलएस -एल’मधला ग्रुपचा रकाना प्रत्यक्षात मास्क (एसीएलमधल्या हक्कांची कमाल मर्यादा) दाखवतो. अशा फाईलवर कोणी चमॉड ६४० केलं तर मास्क आखडतो आणि ग्रुपचे हक्क कागदावर असूनही लागू होत नाहीत. गेटएफएसीएलच्या उत्तरात ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ दिसलं, की हेच झालेलं आहे.

एमव्ही आणि सीपी (कॉपी करण्याची कमांड) यांतला फरकही लक्षात ठेवा. एकाच डिस्कवर एमव्हीने हलवलेली फाईल जुना ग्रुप आणि जुना मोड घेऊन येते. साध्या सीपीने आणलेली फाईल नव्या फोल्डरचा ग्रुप घेते.

एकाच फाईलला खास परमिशन देणं

वर्ड आणि एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती नवी फाईल लिहितात आणि तिलाच जुन्या फाईलचं नाव देतात. म्हणून शेवटी सेव्ह करणारा मालक होतो आणि फाईलवर मेहनतीने लावलेली परमिशन उडून जाते. वेगळी परमिशन हवी असेल तर वेगळा फोल्डर करा. याच कारणाने अशा फोल्डरवर ‘कोणी दुसऱ्याची फाईल खोडू नये’ म्हणून स्टिकी बिट लावू नका : सहकाऱ्याची शीट उघडेल, पण सेव्ह करताना अडेल.

ग्रुपमध्ये घातलं आणि लगेच तपासलं

यूजरमॉडमध्ये ‘-एजी’ द्यायचं असतं. नुसता मोठा ‘जी’ दिला तर बाकीचे सगळे जादा ग्रुप निघून जातात. नवा ग्रुप पुढच्या लॉगिनपासून लागू होतो. विंडोजवरही लॉगऑफ करून परत यावं लागतं. तिथे ‘हूअॅमआय /ग्रुप्स’ने खात्री करा. एरर १२१९ आला तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच उघडी आहे. ‘नेट यूज * /डिलीट’ने ती तोडा.

माणूस खूप ग्रुपांत असेल तर आणखी एक अडचण. साध्या एनएफएसमध्ये क्लायंट जास्तीत जास्त १६ ग्रुपच कळवतो. सतराव्या ग्रुपचा हक्क कारण न सांगता नाकारला जातो. सर्व्हरवर माउंटडीला (एनएफएसची माउंट हाताळणाऱ्या सेवेला) ‘मॅनेज-जीआयडीज’ चालू करा, म्हणजे सर्व्हर ग्रुप स्वतःच्या यादीतून बघतो.

विंडोज सर्व्हरवर

नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअर परमिशन आणि एनटीएफएस परमिशन (डिस्कवरच्या फायली-फोल्डरांवरची) या दोहोंतली जी कडक ती लागते. दोन्हीकडे बारकावे ठेवलेत तर शोधणं अवघड होतं. शेअरवर अधिकृत युजरना ‘चेंज’ द्या आणि खरं नियंत्रण एनटीएफएसवर ठेवा, तेही ग्रुपच्या नावाने. रोजच्या कामाला ‘मॉडिफाय’ पुरतं. ‘फुल कंट्रोल’ दिलंत तर युजर परमिशनच बदलू शकतात. ‘डिनाय’ शक्यतो वापरू नका.

ॲडमिनने एक्सप्लोररमध्ये बंद फोल्डर उघडताना येणाऱ्या खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबलं, की त्याच्या खात्याची नोंद फोल्डरच्या परमिशनमध्ये कायमची बसते. तपासणीसाठी ‘ॲडव्हान्स्ड’मधला ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब वापरा. जुन्या पीसीची डिस्क लावल्यावर ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांब आकडे दिसले, तर ती या मशिनला न ओळखता आलेली जुनी खाती असतात. तिथे टेकओनला (मालकी घेण्याच्या कमांडला) ‘/ए’ द्या, म्हणजे मालकी एका माणसाकडे न जाता ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपकडे जाते.

त्याआधी मात्र आयकॅक्ल्सच्या (विंडोजच्या परमिशन हाताळणाऱ्या कमांडच्या) ‘/सेव्ह’ने ‘डी:\हिशोब’ची सगळी परमिशन ‘/टी’ लावून फाईलमध्ये घ्या. परत बसवताना ‘/रिस्टोर’ला ‘डी:\हिशोब’ नाही, त्याच्या वरचा ‘डी:\’ द्यायचा असतो, कारण सेव्ह केलेल्या फाईलमधले पाथ ‘हिशोब’ या नावापासून सुरू होतात.