डिकीचे शॉकर घरीच बदलताना

गोव्यातल्या मिरामार-कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या एसयूव्हीच्या डिकीचे शॉकर, म्हणजे दरवाजा वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या नळ्या, गंजून लवकर ढिले पडतात. दरवाजा आपोआप खाली येऊ लागला की थांबू नका, तो डोक्यावरच येतो. शॉकर नेहमी जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर दरवाजा एका बाजूला ओढला जातो. जुन्या नळीवर न्यूटनमध्ये छापलेला आकडा बघून तेवढ्याच ताकदीचे घ्या.

काम सोपं आहे, पण मदतीला माणूस हवाच. दरवाजा पूर्ण उघडून लाकडी दांड्याचा भक्कम टेकू द्या, शिवाय घरातल्या कुणाला तरी तो धरून ठेवायला सांगा. मग टोकाची क्लिप बारीक पेचकसाने जराशीच उचला, पूर्ण काढू नका, आणि शॉकर तो ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर (गोळीवर) बसलेला असतो, त्यावरून बाहेर ओढा. नवा लगेच बसवा, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. मगच दुसरी बाजू. जुन्या शॉकरच्या नळीत आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याचं टोक ज्या दिशेला होतं, त्याच दिशेला नव्याचं ठेवा. शॉकरच्या या दांड्याला ग्रीस नको. त्यावर रेती चिकटून आतला गॅस अडवणारं सील खराब होतं.

जुना शॉकर कापू किंवा जाळू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.