गल्लीतल्या मांजरांना दूध-पोळी घालण्याआधी: मोरोक्कोत नवीन आलेल्यांसाठी

मोरोक्कोत भाड्याचं घर मिळालं की त्याबरोबर तीन-चार मांजरंही मिळतात. करारात त्यांचा उल्लेख नसतो एवढंच. कासाब्लांकाचा मारीफ मोहल्ला असो, रबातची मदिना म्हणजे जुनं शहर असो, की जोर्फ लास्फारच्या खत कारखान्यांजवळचं अल जदीदा असो, दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या बॉनेटवर, मशिदीच्या दारात मांजर बसलेलं दिसणारच. आपल्याकडचा माणूस दुसऱ्या दिवशी वाटीभर दूध आणि पोळीचा तुकडा घेऊन खाली उतरतो. तिथेच चुका सुरू होतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक समज काढून टाका. ही मांजरं बेवारस नाहीत. ती गल्लीची आहेत. इस्लामी परंपरेत मांजर अशुद्ध मानत नाहीत; हदीसमध्ये त्याला ‘तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी एक’ म्हटलंय, आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीसही इथे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे तुमच्या आधीच कोणीतरी त्यांचं बघत असतं: रात्रीचा राखणदार म्हणजे ‘अस्सास’, कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणजे ‘मूल अल-हानूत’, कोंबड्या कापून देणारा ‘रियाशी’, नाहीतर तळमजल्यावरच्या एखाद्या आजी. पहिले आठ-दहा दिवस काहीही घालू नका. फक्त बघा आणि विचारा. मांजराला दारिजात म्हणजे इथल्या बोली अरबीत ‘मुश’ म्हणतात, अनेकवचन ‘मशाश’. ‘श्कून कायवक्कल हाद ल्मशाश?’ म्हणजे या मांजरांना खायला कोण घालतं? एवढं वाक्य पाठ करा. फ्रेंच येत नसेल तरी याने काम भागतं, आणि गल्लीत तुमची ओळखही होते. उत्तरात ‘मिस्कीना’ हा शब्द हमखास येईल. तो आपला ‘मिस्कील’ नव्हे. त्याचा अर्थ ‘बिचारी’.

या आठवड्यात कागदावर मांजरं लिहून काढा: रंग, बोका की भाटी, गाभण आहे का, आणि कानाचं टोक सरळ कापलेलं आहे का. कापलेलं टोक म्हणजे शस्त्रक्रिया झालेली, तिला पुन्हा पकडायचं नाही. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, आणि भगव्यांत बोके जास्त. संख्या साधारण कळली की पुढचं सगळं सोपं होतं. न मोजता खाऊ घालत राहिलात, तर सहा महिन्यांनी आकडा दुप्पट झालेला असतो आणि शेजारी तुमच्याकडे बोट दाखवतात.

खाणं

दूध नको. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि उन्हाळ्यात जुलाब म्हणजे शरीरातलं पाणी जाणं. पोळी-भाताने पोट भरतं, पण मांजर मांसाहारीच प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातूनच मिळतं आणि ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर अडचण नाही, कोरडं खाणं आणा. चार किलोच्या मांजराला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम पुरतं. दुसरे कोणी घालत असतील तर तुमचा वाटा निम्मा. एकदा वजनकाट्यावर मोजा, तेवढं बसेल असं माप ठरवा आणि तेच वापरा. बाजारात उघड्या पोत्यातून सुटं मिळतं ते स्वस्त असतं, पण विचारून घ्या: कधी कधी कुत्र्यांचं खाणं त्यातच मिसळलेलं असतं, त्यात टॉरिन मांजराला पुरेल एवढं नसतं. वास खवट आला तर घेऊच नका.

ताजं घालायचं असेल तर सार्डिन आहे. मोरोक्को डबाबंद सार्डिन निर्यात करणाऱ्या देशांत अग्रेसर आहे आणि ताजी सार्डिन बाजारातल्या स्वस्त मासळ्यांपैकी. ती कच्ची देऊ नका: कच्च्या सार्डिनमधला एक घटक ब-1 जीवनसत्त्व मोडतो, आणि रोज रोज दिली तर मांजर डोकं वाकडं करून चालू लागतं, झटके येतात. बिनमिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, मधला काटा काढा, आठवड्यातून दोनदाच द्या. रोज फक्त तेलकट मासे खाल्ले तर अंगातली चरबी सुजून दुखते आणि हात लावला तरी मांजर ओरडतं. रियाशीकडे माना आणि पाय फुकटातही मिळतात. उकळल्यावर हाडं मात्र काढूनच घाला; शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात रुततं.

आता घरचं उरलेलं. आपल्या आमटी-रश्शात कांदा-लसूण असतो आणि दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. खाटकाकडची तयार ‘कफ्ता’सुद्धा कांदा-मसाल्याची असते, म्हणून खिमा बिनमसाल्याचा मागा. शुक्रवारी शेजारून कुसकूस आला आणि त्यावर कांद्या-मनुक्यांची ‘तफाया’ असेल, तर तो तुम्हीच खा, मजेत खा, मांजराला नको.

जागा आणि वेळ ठरलेली ठेवा. अर्ध्या तासाने ताटली उचला, नाहीतर झुरळं, उंदीर आणि सिंदिक म्हणजे इमारतीची समिती, याच क्रमाने हजर होतात. दुकानाच्या पायरीवर किंवा उभ्या गाडीखाली घालू नका. गाडीखाली खायची सवय लागलेलं पिल्लू चाकाखालीच जातं. आणि जमिनीवर टाकून तर अजिबात नको. पाणी वेगळीकडे, सावलीत. पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळाचा भाग तळहाताएवढ्या उंचीवर कापला, कडा मेणबत्तीवर जराशा वितळवून बोथट केल्या आणि आत एक दगड ठेवला की वाडगा तयार. पाणी रोज बदला, रोज घासा, हिरवं शेवाळ धरलं की मांजर तोंड लावत नाही. रमज़ानमध्ये ‘फ्तूर’च्या म्हणजे रोजा सोडण्याच्या वेळी रस्ते रिकामे होतात आणि सगळे आत असतात, तेव्हा वेळ तासभर पुढे ढकला.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 2019 मध्ये गृह आणि आरोग्य मंत्रालय, अन्नसुरक्षा संस्था ‘ओन्सा’ आणि पशुवैद्यांची राष्ट्रीय परिषद यांनी पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा, परत सोडा या पद्धतीसाठी करार केला. पुढे 2025 मध्ये भटक्या जनावरांविषयीचं 19-25 क्रमांकाचं विधेयक आलं आणि सार्वजनिक जागी खाऊ घालण्याला दंडाच्या तरतुदीवरून बरीच वादावादी झाली. सध्याची स्थिती पशुवैद्याला विचारा. तोवर इमारतीच्या अंगणात, सिंदिकची परवानगी घेऊन घालणं सगळ्यांत सुरक्षित.

खरं काम: शस्त्रक्रिया

खाऊ घालणं हा सोपा भाग आहे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभणपण 63 ते 65 दिवसांचं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. दिवस मोठा होऊ लागला की, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास, ओरडणं सुरू होतं. म्हणून मोहीम डिसेंबर-जानेवारीत करा. एप्रिलमध्ये सुरू केलीत तर निम्म्या भाट्या व्यालेल्या सापडतील. आधी भाट्या, मग बोके. पैसे अपुरे असतील तर हाच क्रम. गल्लीतल्या दहापैकी सात-आठ झाल्याशिवाय फरक दिसत नाही, तेव्हा दोन करून थांबू नका.

पशुवैद्याकडे आधीच बोला. ती रस्त्यावरची आहे हे सांगा, ‘स्तेरिलिझासियों’ म्हणा, अरबीत ‘ताअकीम’. तीन गोष्टी मागा: विरघळणारा टाका, कारण दहा दिवसांनी ती टाके काढायला परत येणार नाही, दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक इंजेक्शन, कारण गोळ्या कोण देणार, आणि गुंगीत असतानाच कानाचं टोक कापणं. रस्त्यावरच्या मांजरांसाठी दर कमी करणारे पशुवैद्य असतात, पण मागितल्याशिवाय कमी होत नाही. रबातमध्ये हसन द्वितीय कृषी व पशुवैद्यक संस्थेचं शिक्षण रुग्णालय आहे, तिथेही विचारता येतं. फेझमधला अमेरिकन फोंदुक प्रसिद्ध आहे, पण तो मुख्यतः गाढवं-खेचरांचा दवाखाना, तिथे मांजर नेण्याआधी विचारून घ्या.

पकडण्यासाठी खाली पाय पडला की दार मिटणारा पिंजरा लागतो. आधी चार दिवस दार बांधून उघडं ठेवा आणि आतच खाणं द्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचंच खाणं बंद: मोठ्याला आठ ते बारा तास उपास, पिल्लाला तीन-चार तासांपेक्षा जास्त नाही, त्याची साखर उतरते. कोणीतरी शेजारचं दयेपोटी खाऊ घालतं आणि सगळं फसतं, म्हणून आदल्या दिवशी आजींना आणि अस्सासला सांगून ठेवा. आमिष म्हणून डब्यातल्या सार्डिनचा एक तुकडा पुरे, पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला. दार पडलं की ताबडतोब वर चादर टाका. अंधारात मांजर शांत होतं, उजेडात नाक फोडून घेतं. पिंजरा लावून घरी निघून जाऊ नका.

अंगावर पिणारी पिल्लं असतील तर ती पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत थांबा. शस्त्रक्रियेनंतर बोका 24 तास, भाटी 48 तास पिंजऱ्यातच, खाली वर्तमानपत्र, खोली उबदार. गुंगी उतरेपर्यंत खाणं-पाणी नको. मग पकडलं त्याच जागी सोडा. ‘बरी जागा’ शोधून दुसऱ्या मोहल्ल्यात सोडाल तर ती वाट शोधत गाडीखाली येते. ईद अल-कबीरच्या म्हणजे बकरी ईदच्या आठवड्यात काही ठरवू नका: दवाखाने बंद आणि मांजरं आतडी-काळिजं खाऊन तुडुंब, पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

चावलं, ओरखडलं तर

मोरोक्कोत रेबीज आहे. मुख्यतः कुत्र्यांमुळे, पण मांजरामुळेही होतो. मांजर हाताळायचं ठरवलं असेल तर भारतातून निघण्याआधीच रेबीजची पूर्वलस घ्या, कार्ड जपून ठेवा. चावा किंवा रक्त आलेला ओरखडा: लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, पट्टी घट्ट बांधू नका, त्याच दिवशी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात जा, फ्रेंचमध्ये ‘ब्युरो कोम्युनाल द’जीएन’. पूर्वलस झाली असली तरीही जायचं असतं, फक्त डोस कमी लागतात. मांजर दिसत असेल तर दहा दिवस लक्ष ठेवा. मांजराचा दात बारीक पण खोल जातो. दुसऱ्या दिवशी हात सुजला, लाल रेघ वर चढली तर डॉक्टर लगेच. गजकर्णही मांजराकडून येतं, पिल्लू कुशीत घेण्याआधी त्याच्या कानामागे आणि पायांवर टक्कल आहे का ते बघा. घरात कोणी गरोदर असेल तर घाण दुसऱ्याने काढायची, रोजच्या रोज, कारण टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं बीज विष्ठेत एक ते पाच दिवसांनी लागण्याजोगं होतं.

पशुवैद्य ‘तिफुस’ म्हणाला तर घाबरू नका, तो माणसाचा टायफस नव्हे, मांजराचा पॅनल्यूकोपेनिया. पण दुर्लक्षही करू नका: पिल्लं दोन दिवसांत जातात आणि विषाणू जागेत वर्षभर टिकतो. पिंजरा साबणाने धुऊन मग ‘जावेल’ म्हणजे ब्लीचच्या द्रावणात, एक भाग जावेल आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवा. घरी आणलेल्या मांजराला ‘तिफुस-कोरिझा’ची लस आधी, घरच्या मांजराशी ओळख नंतर.

दोन औषधं मांजराला मारतात आणि दोन्ही दिसायला साधी. एक, डोलीप्रान, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल: अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. दुसरं, कुत्र्यांच्या पिसवांचे परमेथ्रिन असलेले थेंब. इमारतीत उंदरांचं औषध कधी पडणार आहे ते सिंदिककडून आधी विचारून घ्या. मेलेला उंदीर खाल्लेल्या मांजराच्या हिरड्यांतून रक्त आलं तर के-1 जीवनसत्त्वाचं उपचार लवकर सुरू व्हावं लागतं.

पिल्लू एकटं दिसलं म्हणून उचलू नका. स्वच्छ आहे, पोट भरलेलं आहे, गप्प पडलंय, तर आई जवळच आहे. लांबून तीन-चार तास बघा. गारठलेलं असेल तर आधी ऊब, मग दूध, आणि तेही दुकानातलं पिल्लांचं दूध, गाईचं नाही. पालथं धरून पाजा, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं.

हिवाळ्यात पाऊस पडतो आणि रात्री तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरतं. मासेवाल्याकडून थर्माकोलचा खोका मागून आणा, धुवा, एका बाजूला साधारण पंधरा सेंटिमीटरचं भोक पाडा, दोन विटांवर ठेवा आणि आत कोरडा पेंढा भरा. जुनी चादर नको, ती भिजते आणि भिजलेलीच राहते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची सवय लावा, म्हणजे उबेला आत शिरलेलं मांजर बाहेर पडतं.

बदली होते तेव्हा दोन-तीन आठवडे आधी तुमचा वाटा कमी करत जा आणि ज्यांनी आधीपासून बघितलंय त्यांना कळवा. मांजर बरोबर न्यायचं असेल तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, या क्रमानेच. चिपआधीची लस कागदावर धरत नाहीत. युरोपात न्यायचं तर लसीनंतर 30 दिवसांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबणं आलं. भारतासाठी पशु संगरोध विभागाचं ना-हरकत विमान सुटायच्या आधी हातात हवं. पिंजरा मात्र नेऊ नका, अस्सासकडे देऊन जा. पुढच्या जानेवारीत तो लागणार आहे.