लॅपटॉपला दुसरा-तिसरा मॉनिटर: यूएसबी ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर कसा निवडायचा, कसा जोडायचा

टॅली एका स्क्रीनवर, जीएसटीचं पोर्टल दुसऱ्यावर, मेल लॅपटॉपवर. मार्चअखेरीला मुंबईत फोर्टातल्या नि दादरच्या ऑफिसांत अशी मांडणी लागतेच. अडचण अशी की लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असतं एकच. दुसऱ्या मॉनिटरसाठी यूएसबी ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर वापरता येतो.

पण आधी लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट नीट बघा. त्याच्या शेजारी विजेची खूण असेल (थंडरबोल्ट) किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल, तर साधा सी-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लावला की झालं. चित्र थेट ग्राफिक्स कार्डाकडून येतं, वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. असं पोर्ट नसेल किंवा आधीच अडलेलं असेल, तरच यूएसबी ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टरवर पैसे घाला. दुकानात दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात आणि शेजारीशेजारी टांगलेल्या असतात, त्यामुळे इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

हा अ‍ॅडॅप्टर काम कसा करतो ते कळलं, की पुढच्या अडचणी आपोआप उलगडतात. चित्र लॅपटॉपमध्येच तयार होतं. ड्रायव्हर प्रोसेसरच्या जोरावर ते कॉम्प्रेस करून, म्हणजे आकुंचित करून, यूएसबीवरून पाठवतो आणि अ‍ॅडॅप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. फुल एचडी चित्र ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा) कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट लागतात, ४के असेल तर १२. यूएसबी २.० ची कमाल ४८० मेगाबिट, यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. म्हणून कॉम्प्रेशन. चांगला ड्रायव्हर स्क्रीनचा बदललेला भागच पाठवतो. एक्सेल, पीडीएफ, टर्मिनल यांचा भार त्यामुळे नगण्य असतो. पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ लावला की प्रोसेसर तापतो, पंखा घोंघावतो. गेम आणि व्हिडिओ एडिटिंग या स्क्रीनवर करूच नका. मुख्य मॉनिटर लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआयला, स्थिर कामाचा मॉनिटर अ‍ॅडॅप्टरला, ही वाटणी पक्की ठेवा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड सोयीचा. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. दुकानदाराला ब्रँड विचारण्याआधी चिप विचारा. डिस्प्लेलिंक चिप असेल तर विंडोज, मॅक आणि उबंटू तिन्हींसाठी ड्रायव्हर मिळतो. खोक्यावर चिपचं नाव नसलेले स्वस्त अ‍ॅडॅप्टरही असतात. काही निव्वळ विंडोजवर चालतात आणि ड्रायव्हर जुना झाला की बंद पडतात. ‘४के’ लिहिलेलं असेल तर हर्ट्झ किती ते वाचा. ४के ३० हर्ट्झवर माऊसचा बाण रखडत चालतो, दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. फुल एचडी ६० हर्ट्झ त्यापेक्षा कितीतरी सुखाचं. मॉनिटर जुना, व्हीजीएवाला असेल तर व्हीजीए आउटपुट असलेलाच अ‍ॅडॅप्टर घ्या; एचडीएमआयच्या पुढे आणखी एक कन्व्हर्टर म्हणजे बिघाडाची आणखी एक जागा. बिल जीएसटीचंच मागा, वॉरंटीला तेच लागतं.

जोडणी. विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी विंडोज अपडेट पूर्ण करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मूळ ग्राफिक्स ड्रायव्हर ताजा करून घ्या. अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर त्याच्याच आधारावर उभा असतो. मूळ ड्रायव्हर जुना असला की दुसरी स्क्रीन काळी राहते. मग डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर सिनॅप्टिक्सच्या (डिस्प्लेलिंकची मालक कंपनी) साइटवरून उतरवून बसवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर इथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) बँकांसारख्या ठिकाणी यूएसबी बंदही असू शकतं, तेव्हा खरेदीआधी आयटीवाल्यांना विचारून घ्या.

मॉनिटरला एचडीएमआय केबल लावा, मॉनिटर चालू करा, आणि शेवटी अ‍ॅडॅप्टर लॅपटॉपला. पोर्ट ३.० चं हवं. ते बहुधा निळं असतं किंवा शेजारी ‘एसएस’ लिहिलेलं असतं. पिन एका दमात आत सारा. हळूहळू सरकवली तर आधी २.० चे संपर्क जुळतात आणि जोडणी कधीकधी त्याच वेगावर अडकते. हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा) वापरायचाच असेल तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला घ्या. आता विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये चौकटी टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ओढून ठेवा, आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० हर्ट्झ आहे का बघा.

मॅकवर हे थोडं वेगळं आहे. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर एकच बाहेरचा मॉनिटर घेतात. दुसऱ्यासाठी डिस्प्लेलिंक मॅनेजर हे अ‍ॅप बसवावं लागतं आणि प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. हे अ‍ॅप स्क्रीनचं चित्र टिपूनच पुढे पाठवतं, म्हणून ती परवानगी. त्याच कारणाने नेटफ्लिक्ससारख्या संरक्षित व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसतो. अ‍ॅडॅप्टर बिघडलेला नाही, बदलून घेऊ नका.

चित्र येत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या अ‍ॅडॅप्टरच्या हार्डवेअर आयडीत १७ई९ (मधला ई इंग्रजी) आहे का ते बघा. हा डिस्प्लेलिंकचा क्रमांक आहे. नसेल तर चिप वेगळी आहे आणि तुम्ही चुकीचा ड्रायव्हर बसवत आहात. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर मॉनिटर उठत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. टीव्हीला जोडल्यावर कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा; त्याच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

आणखी एक, सहज लक्षात न येणारी गोष्ट. अ‍ॅडॅप्टर लावल्यापासून वायरलेस माऊस अडखळतोय किंवा वायफाय मंदावलंय असं वाटलं, तर कारण खरंच अ‍ॅडॅप्टर असू शकतं. यूएसबी ३.० च्या तारा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. माऊसचा डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा किंवा हातभर एक्स्टेंशन केबलने लांब न्या, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या.