इंग्रजीतलं ‘पोल’ मराठीत आणताना

भाषांतराच्या कामाला लागून मला सहा महिने झाले होते. निवडणूक निकालाच्या बातमीत एक वाक्य आलं, ‘द कँडिडेट पोल्ड फॉर्टी थाउजंड व्होट्स.’ मी लिहिलं, ‘उमेदवाराने चाळीस हजार मतदारांचा कौल घेतला.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या ओळीखाली तांबडी रेघ मारली आणि विचारलं, ‘‘त्याने मतं विचारली, की त्याला मतं पडली?’’ आजही हे क्रियापद दिसलं की मी आधी तोच प्रश्न विचारते.

या शब्दाचा सगळा विस्तार एका जुन्या अर्थातून झाला आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे डोकं. माणसं मोजायची तर डोकी मोजायची, म्हणून सतराव्या शतकात मतमोजणीलाही हाच शब्द लागला. लोकांना विचारून मत अजमावणं हा अर्थ त्या मानाने अगदी अलीकडचा, विसाव्या शतकातला. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आपणही शिरगणती म्हणतो, दरडोई उत्पन्न म्हणतो. ‘पोल टॅक्स’चा मतदानाशी काही संबंध नाही, तो माणशी बसवलेला कर. इंग्लंडमध्ये 1381 साली शेतकऱ्यांनी उठाव केला तो याच करावरून. बेडकाच्या पिल्लाला इंग्रजीत ‘टॅडपोल’ म्हणतात, त्यातही हेच डोकं आहे.

आता वाक्य हातात घ्या आणि क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे माणसं असतील, म्हणजे ‘पोल्ड ट्वेल्व्ह हंड्रेड व्होटर्स’, तर कुणीतरी बाराशे मतदारांना प्रश्न विचारले. पुढे मतं असतील, तर ती मिळाली किंवा पडली. पुढे कुणीच नसेल आणि नुसतं ‘पोल्स वेल’ असेल, तर ती योजना किंवा ती व्यक्ती चाचण्यांमध्ये लोकांना पसंत पडते आहे. ‘गो टू द पोल्स’ म्हणजे मतदानाला जाणं. न्यायालयाच्या बातमीत ज्युरीला ‘पोल’ केलं असं येतं, तेव्हा न्यायाधीश निकालानंतर ज्युरीतल्या एकेकाला ‘हा तुमचाच निर्णय ना?’ असं विचारवून घेतात. संगणकाच्या मजकुरात एक यंत्रणा दुसरीला ‘काही नवीन आहे का?’ असं ठरावीक वेळाने विचारत राहते. तिथे मतबित काही नसतं, पण विचारणं तेच. आणि गुरांच्या बाबतीत ‘पोल्ड’ म्हणजे बिनशिंगी.

समानार्थी शब्दांच्या याद्यांवर मात्र माझा विश्वास नाही. यादीत ‘पोल’, ‘सर्व्हे’, ‘कॅनव्हास’, ‘साउंड आउट’ एका ओळीत बसलेले असतात, पण वाक्यात एकाची जागा दुसरा क्वचितच घेतो. ‘सर्व्हे’च्या मुळाशी वरून नजर टाकणं आहे. म्हणून जमिनीचाही सर्व्हे होतो आणि ग्रंथांचाही. मत विचारण्याच्या अर्थाने ‘पोल’ मात्र फक्त माणसांना करता येतो. प्रश्न एक-दोन आणि उत्तरं ठरलेली असतील तर पोल, लांबलचक प्रश्नावली असेल तर सर्व्हे, एवढा ढोबळ भेद मी पाळते. पहिल्याला चाचणी म्हणते, दुसऱ्याला पाहणी किंवा सर्वेक्षण.

‘कॅनव्हास’ला जास्त जपावं लागतं. तो चित्रकाराच्या कापडापासूनच आला, पण क्रियापद म्हणून शेवटी ‘एस’ दोन लागतात. पूर्वी माणसाला जाड कापडात घालून उडवत, त्यावरून एखादा विषय घुसळून काढणं हा अर्थ आला, आणि पुढे मतं मागत फिरणं. मत विचारणं आणि मत मागणं यांत केवढं अंतर आहे! तेव्हा कॅनव्हास करणारा उमेदवाराचा माणूस आहे की त्रयस्थ, हे आधी शोधा. पहिला प्रचार करतो, दुसरा मतं अजमावतो. अमेरिकेतल्या बातमीत तिसरीच शक्यता असते. तिथे मतांच्या अधिकृत तपासणीलाही हाच शब्द आहे.

‘साउंड आउट’ माझा आवडता. यातला ‘साउंड’ आवाजाचा नव्हे, पाण्याची खोली मापण्याचा. मराठीत ‘मनाचा ठाव घेणं’ अगदी तयार बसलंय. एका-दोघांशी हळूच बोलून अंदाज घेतला असेल तिथेच हे वापरा. हजार लोकांचा ठाव कुणी घेत नाही, फार तर कानोसा घेतो. ‘स्ट्रॉ पोल’लाही कानोसा शोभतो, कारण वारा कुठला हे बघायला गवताची काडी सोडावी, तशी ती अनौपचारिक चाचणी.

‘कौल’ मात्र राखून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कौल म्हणजे निर्णय. तो मिळाला की मानायचा. निवडणुकीआधीच्या चाचणीला ‘जनतेचा कौल’ म्हटलं, की वाचकाला वाटतं सगळं ठरून गेलं. अमेरिकेत 1936 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. नावं मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती आणि उत्तरं न पाठवणारेच जास्त होते. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर सांगितला होता. म्हणून मी लिहिते, ‘चाचणीत कल अमक्याकडे दिसतो.’ कल बदलू शकतो, हे त्या शब्दातच आहे.

राहिला ‘पोल’ तसाच ठेवायचा प्रश्न. ‘एक्झिट पोल’ आता रुळलाय, त्याला हात लावू नका. ‘मतदानोत्तर चाचणी’ हवं तर एकदा द्या. पण सुटा ‘पोल’ मथळ्यात टाकू नका. ‘सरकारचा पोल’ वाचणाऱ्याला आपली ‘पोल उघडी पडणं’ आठवते, नाहीतर विजेचा खांब. तिथे सरळ ‘मतचाचणी’ लिहा.