तरुण संघ हाती आला, आता काय?

चर्चच्या वार्षिक सभेत पाळकसाहेब तुमचं नाव घेतात, मागून दोघंतिघं "हो हो, चालेल" म्हणतात आणि तुम्ही तरुण संघाचे सेक्रेटरी होता. घरी पोचेपर्यंत पोटात गोळा. मी नर्स आहे, ड्युटी पाळीची. शनिवारी संध्याकाळी मी असेनच याचा नेम नाही, आणि खरं सांगायचं तर आमचा संघ टिकला तो त्यामुळेच. मी नसताना कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं. म्हणून माझं सांगणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येईल: काम दुसऱ्याच्या हातात द्या, आणि लवकर द्या.

पहिला महिना एकही कार्यक्रम आखू नका. एक वही घ्या. प्रत्येकाचं नाव, वस्ती, शिकतो की नोकरी करतो, परीक्षा कधी, आणि सभेनंतर घरी कसा जातो. हा शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही. आमच्या नागपुरात जरीपटक्याहून सदरला येणारी मुलगी रात्री ऑटो शोधत उभी राहणार असेल, तर ती दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. मग आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना देवाची ओढ नाही. आमची सभा साडेसहाला सुरू होते आणि आठला बंद, शेवटचं गीत अर्धं राहिलं तरी. (मे महिन्यात भर दुपारी युवक मेळावा ठेवणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.) वही भरायची तर घरोघरी जावं लागतं. चहा होतो, आजी नातवाच्या तक्रारी सांगते. ऐकून घ्या, पण नातवापर्यंत पोचवू नका.

आता बायबल अभ्यास. बहुतेक संघ इथेच मरगळतात. एकजण चाळीस मिनिटं बोलतो, बाकीचे मोबाइल मांडीवर लपवून बसतात. पाचसहा जणांचे गट करा आणि उताऱ्यावर असे प्रश्न काढा, ज्यांचं उत्तर "प्रार्थना करावी" हे असूच शकत नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस घ्या. चौघं त्याला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, मग छप्पर उघडून खाली सोडतात. मी विचारते: छप्पर कोणाचं होतं? भरून कोणी दिलं असेल? पोरं हसतात आणि मग हळूहळू खरं बोलायला लागतात. एका मुलाने विचारलं, "ताई, त्या माणसाला असं सगळ्यांसमोर लटकायचं होतं का, हे कोणी विचारलं का त्याला?" त्या संध्याकाळी दुसरा प्रश्न घ्यावाच लागला नाही. मदत करताना समोरच्याची लाज कशी राखायची, यावरच आठ वाजले. गट कोण चालवणार हे आठवडाभर आधी सांगा, आणि त्याच्यासोबत गुरुवारी फोनवर उतारा एकदा वाचा. एवढी तयारी पुरते.

बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसतो. सासरा इथ्रो येऊन बघतो आणि सांगतो, असा तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आपण दहांपासून सुरुवात करू. वॉर्डात पाळी बदलताना प्रत्येक खाटेशी उभं राहून पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवतात, तसंच हे. आधी तिने बघायचं, मग दोघींनी मिळून करायचं, मग तिने करायचं आणि आपण बघायचं. मग आपण त्या संध्याकाळी जायचंच नाही. हा शेवटचा टप्पा पुढाऱ्याला सगळ्यात जड जातो. गप्प बसणाऱ्या मुलाला एकदम प्रार्थना चालवायला उभं करू नका. हॉलची किल्ली त्याच्याकडे द्या. किल्ली असलेला मुलगा वेळेआधी येतो, खुर्च्या लावताना चार जणांशी बोलतो.

गाण्यांवरून वाद होणार. वडीलमंडळींना पेटी-तबल्यावरची भजनं हवीत, पोरांना ड्रम्स आणि हिंदी-इंग्रजी गीतं. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपल्याला एका ड्रमसेटचा तह जमत नाही! आमचा तोडगा असा: महिन्यातून एक जुनं भजन शिकवायला मंडळीतल्याच, म्हणजे आपल्या चर्चमधल्याच, एका आजोबांना बोलवायचं. शिकवून झाल्यावर ते स्वतःच पोरांच्या प्रॅक्टिसला बसून राहतात. पुढच्या कमिटीत आपली बाजू तेच मांडतात.

नाताळची गाणी म्हणत घरोघरी जायच्या कॅरोल फेरीचं नियोजन नोव्हेंबरातच करा. वस्तीनुसार रस्ता ठरवा. सदर, मोहननगर एका रात्री, लांबच्या वस्त्या दुसऱ्या. पहिल्या तीन घरांत केक-करंज्या खाऊन पोरांचा आवाज बसतो, म्हणून खाऊ डब्यात घ्या. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंचं घर उशीर झाला म्हणून गाळायचं नाही. उशीर होणार असेल तर आधी तिथेच जा. दहानंतर स्पीकर बंद, कायदाच आहे. मिळालेली पाकिटं त्याच रात्री दोघांनी मिळून मोजायची, वहीत दोन सह्या. कोणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर संघाचे पैसे घ्यायचे नाहीत, तुमच्याही नाही.

एका बाबतीत मात्र लवचिकपणा नको. संघात अठराच्या आतली मुलं असतात. त्यांच्याशी बंद दाराआड, एकट्याने बोलायचं नाही. रात्री उशिरा खासगी चॅटही नाही. कोणी लैंगिक छळाबद्दल सांगितलं, तर "आधी कमिटीत बोलू" म्हणून थांबू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, चर्चचं नाव कितीही मोठं असो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि मनाने खचलेल्यांसाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर हॉलच्या दारावर लावा. त्या मुलासाठी प्रार्थना कराच, पण फोन आधी करा.

निकाल लागले की पोरं पुण्याला जातात. दरवर्षी चांगला गिटारवाला जातो, हे धरूनच चाला. दुसरा आजपासून शिकवायला घ्या. जाणाऱ्यासाठी पाळकसाहेबांकडून तिथल्या मंडळीच्या नावे पत्र घ्या आणि पहिल्या रविवारी त्याला फोन करा, "गेलास का?"

स्वतःसाठी मंडळीबाहेरचं एक वडीलधारं माणूस शोधा, जे तुमची स्तुती करणार नाही. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे बसा. आठवड्यातली एक संध्याकाळ संघाचा ग्रुप बघूच नका. नवऱ्याने मला ही अट घातली होती, आता मीच पाळते. दोन वर्षं झाली की पद सोडा. वही, किल्ली, हिशेब समोर बसून सोपवा आणि निदान सहा महिने सभेत मागच्या बाकावर बसा. नव्या सेक्रेटरीने वेळ बदलून सात केली, तर सातला जा.